भेगेवरची काच

इस्लामपूरजवळचं आमचं घर बघायला लोक रस्त्यावर गाडी थांबवतात. मला मात्र त्या घराची भीती वाटायची. खरं तर घराची नव्हे. दारापुढच्या पोर्चची, आणि त्याखाली खाट टाकून झोपणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या जिवाची.

सुरुवात धाकट्या दिरानं केली. तो इंग्लंडात एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. ते हॉटेल म्हणजे पूर्वीच्या कुणा बड्या जमीनदाराचा महाल. दीर मोबाइलवर त्याचे फोटो पाठवायचा आणि खाली माहिती लिहायचा. सगळ्यात जुनी बाजू काळ्या लाकडी पट्ट्यांची. मधली नंतरची, उंच खांबांची आणि त्यांवरच्या दगडी त्रिकोणाची, डावी-उजवी तंतोतंत सारखी. मागची त्याहून अलीकडची, टोकदार कमानींची आणि बुरुजाची. दर दोन-तीन पिढ्यांनी एखादा हौशी निघाला आणि त्यानं वाडवडिलांचं घर जुनाट ठरवून त्याला नवा चेहरा चिकटवला.

हे वाचून माझ्या नवऱ्यानं नुकत्याच बांधलेल्या घराचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बदलायला घेतलं. भाऊ आला की त्याला परत जावंसं वाटू नये, एवढाच हेतू.

आधी भिंतीवर काळ्या पट्ट्या आल्या. शेजारचे काका म्हणाले, "गिलावा अर्धाच केलाय व्हय रं?" पट्ट्या गेल्या, खांब आले. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून देवघराच्या भिंतीला बाहेरून खोटी खिडकी काढली. मग पाण्याच्या टाकीभोवती बुरूज उठला आणि बुरुजाला धुराडं. त्यावर "गुऱ्हाळ काढताय काय?" असं विचारून गावानं आमची चेष्टा केली. इंग्रजांना ज्याला कित्येक पिढ्या लागल्या ते आम्ही दोन उन्हाळ्यांत उरकलं. शेवटी पोर्चवर, खांबांच्या डोक्यावर, सिमेंटचा भला थोरला त्रिकोण चढला आणि माझी झोप उडाली.

कारण आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. मी शाळेत भूगोल शिकवते. हे सगळं पोरांकडून पाठ करून घेते, आणि घरी माझं कुणी ऐकत नाही. त्रिकोणाचं वजन बसल्यावर दाराशेजारच्या भिंतीला, बरोबर पोर्चची तुळई टेकते तिथून, एक भेग खाली उतरली.

इंजिनिअरनं भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. "ही फुटली तर भेग वाढतेय असं समजा आणि त्रिकोण उतरवा. नाही फुटली तर काळजी नको." नवऱ्यानं कबूल केलं.

त्या दिवसापासून माझा जीव त्या काचेत अडकला. शाळेत जाताना, आल्यावर, धुणं वाळत घालताना मी तिच्यावरून बोट फिरवायचे. "आबा, हॉलमध्ये झोपा की," मी सासऱ्यांच्या मागं लागायचे. "न्हाई गं. हितं वारा लय चांगला येतोय."

वाऱ्याचं काही खरं नव्हतं. धाकटा परदेशी गेला त्याच आठवड्यात आबांनी खाट बाहेर आणली होती. फौजेतून रजेवर ते स्वतः अवेळी घरी यायचे, तेव्हा फाटक उघडायला कुणी जागं नसायचं, हे एकदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

उन्हाळा सरला, पावसाळा गेला, काच शाबूत. नवरा मला भित्री भागूबाई म्हणून चिडवू लागला. मग एका सकाळी बोट फिरवताना कड बोचली. नीट पाहिलं, तर काच जराशी हिरवट. इंजिनिअरची काच पांढरी स्वच्छ होती.

"आबा, ही काच कुणी लावली?"

त्यांनी मग खाटेखालचा डबा पुढं ओढला. आत फुटक्या काचांचे तुकडे, एका जुन्या फोटोची मोकळी चौकट आणि चिमूटभर सिमेंट.

"फुटली की बदलतोय. धाकटा यंदा येतो म्हणतोय. त्याच्याच फोटोवरनं केलंय न्हवं समदं? आल्यावर त्यानं काय मोडकं बघायचं?"

"आणि तुमच्या अंगावर पडलं असतं म्हणजे?"

"माझ्याच डोक्यावर हाय न्हवं. माझं मी बघतो की."

मला रडू आलं, आणि रागही. डबा तसाच उचलून नवऱ्यापुढं ठेवला. तो तुकडे हातात घेऊन बसला आणि मग गवंड्याला फोन लावला.

गवंडी शिडी लावत असताना आबा म्हणाले, "आदी एक फोटू काढ. त्याला पाठव." मी काढला. त्रिकोणासोबत खालची खाट आणि तिच्यावर बसलेले आबाही त्यात आले.

दिराचं उत्तर लगेच आलं. त्रिकोणाबद्दल अवाक्षर नाही. "आबा बाहेर का झोपतात?"

मी आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सांग, वारा लय चांगला येतोय."

मी तसं लिहिलं नाही. खरं कारण, फाटकाचं, लिहून टाकलं. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यानं वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही. पूर्वी काच बघायचे, तशी मी आता येता-जाता मोबाइल बघते. आबांची खाट अजून बाहेरच आहे.