जोडणी करणाऱ्याशी बोलू नये

वेल्डा क्रचफील्डचं नाक आयुष्यात तीनदा मोडलं. पहिल्यांदा बापानं मोडलं, कापूस वेचणाऱ्यांच्या छावणीत, ती नऊ वर्षांची असताना. कशावरून ते पुढं बापालाही आठवेना. दुसऱ्यांदा एका लोखंडी नळानं मोडलं, आणि त्यात नळाची काही चूक नव्हती. तिसऱ्यांदा मोडलं ते दिरानं. नाक इतकं वाकडं झालं की ती म्हणायची, मी सरळ चालले तरी वास मला डावीकडचाच येतो.

लग्न झालं ते डबशी. डब तेलाच्या नळांना सांधे मारणारा वेल्डर. नळ जिकडं चालले तिकडं हे दोघं चालले, टेक्सासच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकतीस वर्षं. घर पाठीमागं बांधलेलंच. घर म्हणजे फिफ्थ व्हील ट्रेलर. त्याचं नाकाड पिकअपच्या हौद्यावर येऊन बसतं, नाकाडाखाली मनगटाएवढा पोलादी खुंटा असतो, आणि हौद्यातल्या हिचचा जबडा तो खुंटा पकडतो. पलंग, चूल, सासूची घड्याळं, सगळं त्या एका खुंट्यावर लटकून रस्त्यानं जातं.

ट्रेलरवाल्यांच्या तळावर देवाधर्माचे नियम कुणी फारसे पाळत नाही. बायको पळवलेली चालते, शुक्रवारी रात्री दात पाडलेला चालतो, सोमवारी दोघं एकाच नळावर काम करतात. पण एक नियम सगळे पाळतात. माणूस ट्रेलर जोडत असला की त्याच्याशी बोलायचं नाही. जबडा मिटला का, दांडा आत गेला का, खीळ घातली का, ट्रेलरच्या ब्रेकची तार लावली का, या पायऱ्या त्याच्या डोक्यात एकामागून एक चाललेल्या असतात. मध्ये कुणी बोललं की एक पायरी गळते. कुणाचा बाप मेला असला तरी थांबतात आणि नंतर सांगतात.

वेल्डाला हा नियम पाठ होता. तरी एका सकाळी, डब मोनाहान्सच्या तळावरून निघायची जोडणी करत असताना, तिनं दारातून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "अंडी किती?"

"तीन," डब म्हणाला.

आणि दांडा तपासायचा राहिला. त्यानं ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले, गाडी सुरू केली, दहा हात गेला असेल नसेल, अर्धवट मिटलेल्या जबड्यातून खुंटा निसटला आणि ट्रेलरचं नाकाड हौद्याच्या कडांवर आदळलं. पत्रा वाकला, पण तोललं. डब शिव्या देत उतरला आणि जॅक घेऊन खाली शिरला. तेवढ्यात हौद्याचं मागचं फळकूट तुटलं आणि नाकाड खाली आलं. वेल्डानं आतून आवाज ऐकला. बाहेर येऊन पाहिलं तर डबचे बूट दिसत होते, आणि बुटांच्या वर जे होतं त्याला डब म्हणवत नव्हतं. तव्यावर तीन अंडी होती. ती जळाली, मग धुरानं सगळा तळ बाहेर आला.

कुणी तिला काही म्हणालं नाही. ते न म्हणणंच तिला जड गेलं. म्हातारा पर्विस, शेजारच्या ट्रेलरात राहणारा, तेवढा रोज येऊन पायरीवर बसायचा, गार चहा प्यायचा आणि हवेबद्दल बोलायचा.

डबची गाडी मोडीत गेली. वेल्डानं दुसरी जुनी पिकअप घेतली, आखूड हौद्याची. हिच नव्हता, घाईही नव्हती. मग हार्लन आला.

हार्लन डबचा थोरला भाऊ. त्याच्या बायकोनं त्याला नुकतंच घराबाहेर काढलं होतं. तेही गरम चरबीचं पातेलं अंगावर ओतून, असं लोक सांगतात, आणि हाताचे चट्टे बघता खोटं नसावं. तो म्हणाला, भावाचं घर भावाचं. कागदावर नाव डबचं, आडनाव माझं. वेल्डा म्हणाली, एकतीस वर्षं फरशी मी पुसली. त्यानं उलट्या हातानं तिच्या डोळ्यावर मारलं. तिनं दाराआडची पहार उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला, तिचा घोटा ओढून तिला पायरीवरून खाली घेतलं, आणि दोन चार लाथा घालून लंगडत निघाला. जाताना म्हणाला, "शनिवारी येतो. घर रिकामं कर, नाहीतर तुझ्यासकट ओढून नेतो."

तिनं शेरिफच्या माणसाला बोलावलं. त्यानं कागद मागितले, कागदावरचं नाव वाचलं, आणि घरातलं भांडण घरातच मिटवा असं सांगून तिच्याकडचा मक्याचा पाव खाऊन गेला.

तेव्हा वेल्डानं ठरवलं, शनिवारच्या आत घर घेऊन न्यू मेक्सिकोत जायचं. तिथल्या तळावर तिला स्वयंपाकाचं काम मिळणार होतं. घर गेलं तर तिच्याकडं अंगावरच्या कपड्यांशिवाय काही उरणार नव्हतं. पण न्यायचं तर आधी हिच पाहिजे.

जवळच्या ओडेसा गावात युसेबियो लुहानचं वेल्डिंगचं दुकान. डबचे सगळे हिच त्यानंच बसवलेले.

"मिस वेल्डा, डोळ्याला काय झालं?"

"दार लागलं."

"दाराचं नाव हार्लन का?"

"तू हिच दाखव."

त्यानं तीन मांडले. पहिला एका जागी ठोकून बसवायचा. "हा माझ्या आज्यासारखा. बसला की बसला, कुणाचं ऐकत नाही. पण तुमचा हौदा आखूड. काटकोनात वळलात की ट्रेलरचा कोपरा मागची काच फोडून तुमच्या मानेवर." दुसरा म्हणजे हौद्यात नुसता पोलादी गोळा, आणि ट्रेलरच्या खुंट्याला खाली लांब नळकांडं. हार्लनच्या गाडीत असला गोळाच होता. हलका, स्वस्त, पण त्या लांब नळकांड्यानं नाकाडाचा सांगाडा पिळवटतो. तडकलेले असे किती सांगाडे आपण सांधले ते युसेबियोनं बोटांवर मोजायला घेतलं आणि बोटं संपल्यावर सोडून दिलं. तिसरा सरकता. रस्त्यावर तो पुढं, पिकअपच्या मागच्या चाकांच्या वर, बसतो. अरुंद जागी वळायच्या आधी उतरायचं, बाजूचा दांडा ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक दाबून गाडी पुढं घ्यायची, की हिच मागं सरकतो आणि कोपरा काचेपासून लांब राहतो.

"म्हणजे आणखी एक गोष्ट विसरायची," वेल्डा म्हणाली.

युसेबियोनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "विसरणाऱ्यांसाठी मी हिच बसवत नाही, मिस वेल्डा. शवपेट्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे."

ती हसली. डबच्या मागं पहिल्यांदा, आणि हसताना डोळा दुखला.

पहिला हिच सोपा होता आणि तिचा हात त्याच्यावरच होता. पण तळाचं फाटक तिला माहीत होतं. बाहेर पडलं की लगेच डावीकडं काटकोन, समोर खोल चर. तिनं सरकता घेतला. एकच अट घातली, जबडा नीट मिटला नसेल तर लांबून लाल दिसलं पाहिजे. युसेबियोनं दांड्याच्या आतल्या टोकाला लाल रंग फासला. मग त्याच्या अंगणातल्या रिकाम्या ट्रेलरवर तिला दुपारभर जोडायला लावलं, आणि स्वतः बाजूला उभा राहून नियम मोडून सारखा बोलत राहिला. जेवलात का, हवा काय म्हणते, माझी सासू अजून जिवंत आहे. तो बोलला की तिनं पहिल्या पायरीपासून परत सुरू करायचं. एकोणीस वेळा तिनं पहिल्यापासून सुरू केलं. विसाव्या वेळी त्याला बोलायला काही उरलं नाही.

हिच बसवून व्हायला शुक्रवारची संध्याकाळ झाली. शनिवारी सकाळी वेल्डानं घड्याळं गाद्यांत गुंडाळली आणि जोडणीला लागली. तिनं गाडी मागं घेतली. खुंटा जबड्यात गेला. ती खाली उतरली, तेवढ्यात हार्लनची लांबलचक पिकअप आत आली आणि फाटकाच्या तोंडाशी आडवीतिडवी उभी राहिली. वाट बंद झाली नाही, पण होती त्याच्या निम्मी झाली. हार्लन लंगडत आला. कमरेला रिव्हॉल्व्हर होतं. तळावरची माणसं आपापल्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. कुणी बोलेना. जोडणी चालली होती.

हार्लनला मात्र कसला नियम. "कुठं निघालीस, वेल्डा?"

ती मागं गेली आणि पहिल्यापासून सुरू केलं. चाकांचे ठोकळे. उंची. जबडा.

"माझं घर घेऊन कुठं निघालीस?"

ती परत ठोकळ्यांपाशी गेली. उंची. जबडा. लाल दिसत नव्हतं. दांडा.

पर्विसच्या पायरीवर कुणीतरी फिसकन हसलं. हार्लनचे कान तापले. मार खाणारं माणूस रडतं, नाहीतर उलट मारतं, हे त्याला माहीत होतं. हे तिसरंच होतं. अंड्यांची गोष्ट तळभर झाली होती, त्याच्याही कानावर गेली होती. तो तिच्या अगदी कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "अंडी किती, वेल्डा?"

तिचे हात थांबले. सगळा तळ थांबला. मग ती सरळ झाली, ठोकळ्यांपाशी चालत गेली आणि पहिल्यापासून सुरू केलं. ठोकळे. उंची. जबडा. दांडा. खीळ. तार. गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक धरून पुढं एक हिसका, खुंटा पकडून राहिला. पुढचे पाय वर. चाकांचे ठोकळे बाजूला. आता एकच राहिलं होतं, हिच मागं सरकवणं. फाटकातून वळायचं तर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती उतरली आणि बाजूच्या दांड्यावर हात ठेवला.

हार्लननं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड हौद्याच्या कडेवर आपटलं. एकदा, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी नाकातून तो आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा. पर्विस पुढं आला, तसा हार्लनचा हात कमरेवर गेला, आणि पर्विस होता तिथं उभा राहिला. वेल्डा गुडघ्यांवर पडली. हार्लननं तिच्या पोटात लाथ घातली, तिच्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "जोडून ठेवलंस ते बरं केलंस. माझे कष्ट वाचले."

त्याची स्वतःची गाडी लांब हौद्याची. आयुष्यात त्याला कधी काही सरकवावं लागलं नव्हतं.

वेल्डानं डोकं वर केलं. "हार्लन," ती म्हणाली, "वळू नकोस."

तो हसला. काच वर घेतली. गाडी निघाली. फाटकापर्यंत वीस पंचवीस पावलं होती, आणि तेवढ्या वेळात आणखी एकदा सांगता आलं असतं, मोठ्यानं सांगता आलं असतं, का वळायचं नाही तेही सांगता आलं असतं. तोंडात रक्त भरलं होतं. ते थुंकलं असतं तर शब्द बाहेर आले असते. तिनं रक्त गिळलं.

हार्लन फाटकाशी पोचला. त्याचीच पिकअप वाटेत होती, म्हणून त्यानं स्टिअरिंग पुरतं डावीकडं फिरवलं. ट्रेलरचं नाकाड फिरलं, त्याचा कोपरा मागच्या काचेला टेकला, आणि काच फुटल्यावरही गाडी थांबली नाही, कारण त्याचा पाय दाबलेलाच राहिला. कोपऱ्यानं त्याचं डोकं आणि खांदा स्टिअरिंगवर चेपला. भोंगा वाजायला लागला आणि वाजतच राहिला.

वेल्डा उठली. पलीकडच्या दारानं आत गेली. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, कान कुठं होता ते कळत नव्हतं, आणि एक डोळा तिच्याकडं बघत होता. तिनं आपल्या बुटानं त्याचा बूट ढकलला, गिअर मागं टाकला, आणि स्टिअरिंग होतं तसंच धरून जसा तो वळला होता त्याच वाटेनं बोटभर बोटभर गाडी मागं घेतली. फुटक्या काचेतून कोपरा बाहेर निघाला. भोंगा थांबला. सगळा तळ भोवती उभा होता आणि कुणी एक शब्द बोललं नाही, तिचं चुकू नये म्हणून.

हार्लन जगला. जबडा तारांनी बांधला, मान तेवढी परत वळली नाही. आता त्याला बाजूला बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, नाचणाऱ्या अस्वलासारखं. घर मागायला तो परत आला नाही.

शेरिफचा तोच माणूस आला. तुम्ही एवढे जण असून कुणीच कसं ओरडलं नाही, असं त्यानं विचारलं. पर्विसनं टोपी काढली. "जोडणी चालली होती, साहेब," तो म्हणाला. "मध्ये कोण बोलणार?" त्या माणसानं ते लिहून घेतलं. वेल्डाच्या सुजलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि या खेपेला कागद मागितले नाहीत.

दोन दिवसांनी तिनं मागच्या खिडकीला गोधडी ठोकली, पर्विसनं धुतलेल्या सीटवर जुना टॉवेल पसरला, आणि जोडणी केली. बाजूचा दांडा ओढला, ब्रेक दाबले, हिच मागं सरकला. फाटकातून अशी वळली की कोपरा गोधडीला लागलासुद्धा नाही. चराच्या पलीकडं थांबली, हिच परत पुढं घेतला, सगळं पहिल्यापासून तपासलं आणि गेली.

न्यू मेक्सिकोतल्या तळावर ती आता वीस वेल्डरांची न्याहारी करते. युसेबियोनं फोन करून विचारलं, हिच कसा आहे. ती म्हणाली, हिच चांगला आहे, हार्लनला वळू नकोस हे मी एकदाच सांगितलं.  तो सासूची गोष्ट सांगायला लागला.

अंडी किती, असं ती कुणाला विचारत नाही. पातेलं भरून करते आणि मधोमध ठेवते. ज्याला जितकी हवीत तितकी त्यानं घ्यावीत.