मामींच्या मापाची मूठ

झाकणमामा कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत. हात ओले करून, त्यांना थोडं तेल चोळून कुकरचं झाकण उघडू बघत. ते हातातून निसटलं की चोर मुद्देमालासकट सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसे. म्हैसुरात नजरबादेतल्या आमच्या गल्लीने म्हणून त्यांना हे नाव ठेवलं होतं. तसे ते कुणाचेच मामा नव्हते.

स्वयंपाकघरातली उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते डिझायनर होते. त्यांच्याच नादाने मीही पुढे डिझाइन शिकले. "ऑफिसात बसून कोरड्या हातानं चित्रं काढतात गे," ते म्हणत. "अडुगेमनेत, म्हणजे सैपाकघरात, कोरडा हात कुणाचा असतो?"

मामी ठेंगण्या, हातही लहानसा. संधिवाताने बोटं वाकली आणि विळीवर नारळ खोवणं सुटलं. शेजारणीने खोवून दिलेलं खोबरं त्यांना घशाखाली उतरेना. मामांनी मग फिरकीची खोवणी करायला घेतली. मामींना कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावला आणि त्या ठशावरून लाकडी मूठ कोरली. मामींनी ती गरगर फिरवली. "आयतु, झालं. आता तुम्ही बाहेर जा," एवढंच त्या म्हणाल्या. हे वाक्य मामा बक्षीस मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगत.

मग त्यांना आवरणं कठीण झालं. कुकर, कढई, सांडशी, सगळ्यांना मामींच्याच मुठीच्या ठशावरून नव्या मुठी बसल्या.

मामी गेल्या. काही महिन्यांनी मी मामांकडे गेले, तर गॅसवर काही नव्हतं. टेबलावर कोपऱ्यावरच्या हॉटेलातली इडलीची पुडी.

"सैपाक नाही करत, मामा?"

त्यांनी कुकरची मूठ धरून दाखवली. दोन बोटं खाचांत बसली, उरलेली बाहेरच लोंबत राहिली. "सगळ्यांचे हात बघितले गे. माझा तेवढा राहिला."

मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. मी तिथेच कणीक मळली आणि गोळा पुढे केला. "दाबा. नवी मूठ करू."

गोळा त्यांनी बराच वेळ तळहातावर धरला. दाबला नाही. "सुम्ने, आहे तसंच असू दे गे," ते म्हणाले. "मूठ बदलली की तिचा हात जाईल." मग त्याच कणकेच्या मला चपात्या करायला लावल्या आणि दोघं जेवलो.

शेवटपर्यंत ते दोन बोटांनीच कुकर उचलत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या परगावी राहणाऱ्या मुलीने खोवणी मला दिली. माझ्या हातात ती अगदी बसते. रविवारी एकटीपुरता अर्धा नारळ खोवते. आधी हात ओले करते, कोरड्या हाताने धरलेलं मामांना चाललं नसतं. मूठ जराही निसटत नाही. हे ओरडून सांगावंसं वाटतं, पण घरात ऐकायला कुणी नसतं.