लेकरू नाही म्हणतं तेव्हा

यमुनाबाई गेल्याचं मला मेहकरच्या एसटी स्टँडवर कळलं. नांदुऱ्याकडून आलेल्या एका ओळखीच्या बाईनं गाडीतून उतरता उतरताच सांगितलं आणि वर म्हणाली, "लेकरायले गाणे लय चांगले शिकवे हो." तेरवीला नांदुऱ्याला गेले, तर तिथंही सगळे गाण्यांबद्दलच बोलत होते. ज्या गोष्टीपायी तिला गाव सोडावं लागलं, ती गोष्ट एकाच्याही तोंडातून निघाली नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे.

नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिगत. धामणगाव बढ्याच्या आसपासच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि यमुनाबाई बालवाडी चालवायची. आम्ही दोघी एकाच घरात भाड्यानं राहायचो. बालवाडीची खोली गावातल्या एका कापडदुकानदारानं दिलेली होती. मोठं प्रस्थ. सगळं गाव त्यांना मोठे बाबा म्हणायचं. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी बालवाडीत होती. तिला मी इथं कमल म्हणते. चांगली बोलकी पोर, पण त्या हिवाळ्यात ती एकदम गप्प झाली. सुट्टीच्या वेळी मोठे बाबा न्यायला आले की दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवायची. ते हसत हसत तिची बोटं सोडवायचे. पाहणारे आम्ही सगळे म्हणायचो, हट्टी आहे पोर. यमुनाबाई तसं म्हणाली नाही. ती कमलजवळ बसली, तिला बोलायला वेळ दिला. पोर एकच वाक्य बोलली... ते मी इथं लिहिणार नाही.

यमुनाबाई आधी कमलच्या आईकडे, सिंधूबाईकडे गेली. मी सोबत होते. सिंधूबाई भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, पण मान काही वर झाली नाही.

"असं बोलू नका बाई. लेकराले काय समजते? घरचे मले जित्ती ठेवनार नाहीत."

"कोणाचं नाव नको घेऊ. फक्त पोरीले त्यायच्याजवळ एकटी सोडू नको. अन् तिले सांग, माय तुह्यावर रागावनार नाही."

सिंधूबाईनं भाकर तव्यावर टाकली.

मग यमुनाबाईनं शनिवारी दुपारी सगळ्या आयांना बालवाडीत बोलावलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. "लेकराले आंघोळ घालताना सांगत जा," ती म्हणाली, "का हे तुह्यं आंग आहे, इथं कोनी हात लावला तं ओरडायचं अन् मले येऊन सांगायचं. काका असो, मामा असो, शेजारचा आजा असो. लेकरू एखाद्याच्या मांडीवर बसाले नाही म्हणते, तं त्याले ओढून बसवू नका. अन् त्यानं काही सांगतलं तं आधी त्याच्या तोंडावर हात ठेवू नका." बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कोणी हसल्या, एक मधूनच उठून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बाई घाण शिकवते.

तिला चावडीवर बोलावलं. बोलायला पुढे आले ते मोठे बाबाच. "बाई, लहान लेकरायच्या मनात अशी घान काऊन भरता?" यमुनाबाईनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "ते कोनं भरली, तुमी सांगता का मी सांगू?" माझी खात्री आहे, त्या क्षणी चावडीतल्या बऱ्याच जणांना सगळं कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी बालवाडीला कुलूप लागलं, आणि घरमालकानं तिला खोली सोडायला सांगितलं. निरोप द्यायला मी एकटी होते. गल्लीतल्या बाया दाराआडून पाहत होत्या. पुढं त्यांच्यापैकी काहींनी लेकरांना त्या दुकानात एकटं पाठवणं बंद केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बोलली कोणीच नाही. मोठे बाबा मानानं जगले, मानानं मेले. प्रेतयात्रेला अख्खं गाव लोटलं होतं.

नांदुऱ्याला येऊन यमुनाबाईनं शिवणयंत्र घेतलं, संध्याकाळी गल्लीतल्या लेकरांना गाणी शिकवायची. पोरींचे फ्रॉक शिवायची आणि माप घ्यायच्या आधी पोरीला विचारायची, "लावू का टेप?" आया हसायच्या. त्या हसल्या की ही हळूच विषय काढायची. काही आया पुन्हा यायच्या, काही दुसरा शिंपी पाहायच्या.

तेरवीच्या जेवणानंतर तिच्या खोलीत आम्ही चार बाया उरलो होतो. त्यात सिंधूबाई होती. म्हातारी झालेली, काठी टेकत आलेली. "देवमानूस होती बाई," म्हणत रडली. मला राग आवरेना. मी विचारलं, "कमल कशी आहे?"

"येतच नाही हो ते. लगन झालं तवापासून सणालेही नाही. काऊन येत नाही, देवाले माहीत."

देवाला माहीत! कमल माहेरी जाते म्हणून सासरहून निघायची आणि नांदुऱ्यालाच उतरून याच खोलीत राहायची, हे मला ठाऊक होतं. तिची दोन्ही बाळंतपणं यमुनाबाईनंच केली होती.

डोळे पुसता पुसता सिंधूबाईची नजर मशीनवरच्या भिंतीकडे गेली. तिथं दोन पोरींचा फोटो होता, यमुनाबाईनं शिवलेल्या फ्रॉकमधल्या.

"गोड लेकरं आहेत. कोनाची हो?"

"कमलची," मी म्हणाले. "तुमच्या नाती."

ती भिंतीला धरून फोटोपाशी गेली आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.