टोपलीत बसलेला माणूस

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास धुळ्यात रस्ता अडवून कारागिरांची जत्रा भरली होती. मला कांद्यांसाठी बांबूची टोपली हवी होती. "टिकेल का?" एवढंच मी विचारलं. मालासाठी शपथा घेणारे पुष्कळ पाहिले होते. हा धष्टपुष्ट टोपलीवाला मात्र मिशीवरून हात फिरवून सगळ्यांत देखण्या टोपलीत जाऊन बसला.

"बघा अक्का, मजबूत शे."

मजबूत होतीच. तो अडकला. गुडघे हनुवटीला, पाय वर.

शेजारची खराटे विकणारी बाई कोयता घेऊन टोपली कापायला आली. त्याने टोपलीला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"माले काप, तिले नको."

मग मी पर्स बाजूला ठेवली, टोपलीवर पाय रोवला आणि आम्ही दोघींनी त्याचा एकेक हात धरून ओढलं. तो सुटला, धोतर आत राहिलं. लोक हसून बेजार. हा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा राहून टोपलीची एकेक बांबूची काडी चाचपत होता.

"एक कामटी हालनी नही."

"धोतर नेसा भाऊ," मी म्हटलं, "आणि ही टोपली मला द्या."

त्याने लगेच टोपली माझ्या हातात दिली, धोतरासकट.