आकारमान वर कसं आलं?

"खालचं वर जायची तुम्हा लोकांना फार घाई झाली आहे."

सर फळ्याकडं तोंड करून बोलले. माह्याकडं पाह्यलंही नाई. सारा वर्ग हासला.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. मी रिठदच्या महारवाड्यातला. रिसोडले मामाकडं राहून शिकत होतो. वर्गात माही जागा दाराजवळ, पोत्यावर. बाकीचे बाकड्यावर.

सरनं सूत्र लिवलं होतं. घनता बरोबर वस्तुमान भागिले आकारमान. मंग म्हणाले, आता आकारमान काढू. अन् लगेच लिवलं, आकारमान बरोबर वस्तुमान भागिले घनता. खालचं आकारमान एकटं बाहेर आलं, घनता खाली गेली. मधात काय झालं, काहीच लिवलं नाई.

देशमुखाच्या वसंतानं विचारलं. त्याले सरनं बाळ बाळ करत दोनदा सांगतलं. त्यानं मान हालवली. मले तरी उमजलं नाई. म्हणून उठलो अन् विचारलं, सर, आकारमान खालून वर कसं आलं? एवढंच. त्यावर ते वाक्य.

सुट्टीत वसंताले गाठलं. म्हटलं, तुले समजलं त मले सांग.

तो म्हणाला, "मलेही नाई समजलं रे. उद्या पुन्हा विचारतो."

उद्या पुन्हा. किती सहज म्हणाला. त्याले समजलं नाई, त सूत्र कठीण. मले समजलं नाई, त माही जात मठ्ठ. छडीचा मार मी खाल्ला होता. हे त्याच्याहून जास्त लागलं.

घरी मामी म्हणाली, गप बस, शाळेतून नाव कापतीन. तिचं भेव खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. वसंताच्या आधी मी उठलो.

"सर, मले कालचं समजलं नाई. पुन्हा सांगा."

"खाली बस."

"सांगा, मंग बसतो."

सरनं मले बाहेर काढलं. मंग वसंता उठला. त्यानं तेच विचारलं. सर त्याले सावकाश समजावू लागले. मी खिडकीशी जाऊन कान दिला. सरनं पाह्यलं, अन् खिडकी लावून घेतली.

मी घरी गेलो नाई. तिथंच भिंतीशी उभा राह्यलो, तास संपेपर्यंत. रडू येत होतं, पण त्याहून संताप जास्त. तिथंच ठरवलं. पहिला नंबर आणून मी या लोकायले काही दाखवणार नाई. मले समजत नाई, हेच उभं राहून सांगीन. हासू द्या. बाहेर काढू द्या. उद्या येईन, उठीन, विचारीन. सांगणं त्यायचं काम हाये, अन् ते मी करून घेईन.