ज्याची गोष्ट, त्याला वाचून दाखवा

छापून येणाऱ्या गोष्टींपेक्षा त्या लिहिताना झालेल्या फजित्याच आमच्याकडे जास्त. नगरमधलं आमचं छोटं मासिक, जिल्ह्यातल्या साध्या माणसांच्या लांबलचक स्टोऱ्या छापणारं. लिहिणारे दोघंच, मी आणि संतोष. महिन्याला अंक निघतो एक आणि किस्से निघतात चार!

याचं मूळ आमच्या संपादक कुमुदताईंच्या नियमात आहे. स्टोरी लिहून झाली की ज्याची ती गोष्ट, त्याच्या घरी परत जायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. एक वाक्यही गाळायचं नाही. चूक असेल तर तो दुरुस्त करणार, आणि 'छापू नका' म्हणाला तर विषय संपला. सुरुवातीला मला हा नियम म्हणजे हातानं ओढवून घेतलेलं दुखणं वाटायचा.

*

संतोषनं शनिशिंगणापूरच्या एका प्रसादाच्या दुकानदारावर लिहिलं. सुरुवात झकास होती : दार नसलेल्या घरात वारा आणि पाहुणा, दोघंही न विचारता येतात. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी आत येताना फळी वलांडली, ती कुठं गेली?"

कुत्री आत येऊ नयेत म्हणून उंबऱ्यावर गुडघाभर उंचीची फळी आडवी लावलेली होती. संतोष ती चार वेळा ओलांडून आत गेला होता. एकदा तर ठेचकाळला होता! शेवटी फळी मजकुरात आली आणि वारा बाहेर गेला.

*

हसू नका, माझीही वेळ आली. पारनेरकडच्या एका मेंढपाळ तात्यांवर मी लिहिलं होतं. 'जुन्या दिवसांबद्दल बोलताना तात्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं' हे वाक्य मला फारच आवडलं होतं. वाचतानाही मी तिथं जरा आवाज खाली आणला.

तात्या म्हणाले, "धुरानं आलं ते. तू वाऱ्याच्या अंगाला बसली हुतीस, म्हणून तुला न्हाई आलं."

तेव्हापासून मजकुरात कुणी रडलं की कुमुदताई समासात एवढंच लिहितात : चूल कुठे होती?

*

एका निवृत्त शिक्षिकाबाईंवर संतोषनं अगदी जीव ओतून लिहिलं. बाईंनी पाऊण तास ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही. तो मनातल्या मनात सुखावलेला. शेवटी चष्मा काढून बाई म्हणाल्या, "छान लिहिलंय हो. कुणाची आहे ही गोष्ट?"

तो तोंड पाडून ऑफिसला आला. चुकलं काय ते त्याला कळेना. कुमुदताई म्हणाल्या की तुझ्या गोष्टीत बाई एकदाही चिडत नाहीत, माझ्याशी फोनवर पाच मिनिटांत दोनदा चिडल्या. त्यानं सगळं परत लिहिलं. दुसऱ्या खेपेला गोष्टीतल्या बाई तिसऱ्याच पानावर चिडल्या, आणि स्टोरी पास झाली.

*

एका टेम्पोवाल्याची तऱ्हा वेगळी. स्वतःचीच गोष्ट तो मांडी घालून ऐकत होता. मी शेवटचं वाक्य वाचून कागद खाली ठेवले, तर हा म्हणतो, "मग पुढं काय झालं?"

मी म्हटलं, पुढचं तुम्हालाच ठाऊक. त्यानं जरा विचार केला, खरंच की म्हणाला, आणि सांगायला लागला. तीन भेटींत जे निघालं नव्हतं ते त्या तासाभरात निघालं. आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, तुम्ही विचारत होता तेव्हा मला ते गोष्टीतलं वाटलंच नव्हतं.

*

आणि हे लष्करी छावणीशेजारच्या भिंगारचं. साळवे मास्तर टेलर, जवानांच्या वर्द्या शिवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. एकदा मी तिथं असताना मास्तर जेवून आत आडवे झाले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मास्तरांनी सकाळी शिवलेला शर्ट मांडीवर घेतला आणि चक्क उसवायला लागल्या. मास्तरांची नजर अधू झालीय, शिवण वाकडी जाते. ते झोपले की काकू ती उसवून सरळ घालतात आणि शर्ट होता तसा घडी करून ठेवतात. चार वर्षं हे चाललंय.

"त्यांना ठाऊक न्हाई," काकू हळूच म्हणाल्या. "कळलं तर मशीनला हात न्हाई लावायचे."

लिहू का, विचारलं. म्हणाल्या, लिही की, पुस्तकातलं बारीक अक्षर त्यांना कुठं दिसतंय आता. कुमुदताईंचा नियम त्या क्षणी माझ्या डोक्यातच आला नाही.

वाचायला जायचं म्हणून फोन केला, तो नेमका मास्तरांनीच उचलला. मी गेले तर मास्तर खुर्ची टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. काकू शेजारी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी वाचत गेले आणि तो परिच्छेद आला. हाताच्या कसबावर उभं आयुष्य काढलेला माणूस, आणि माझ्या पाच ओळींनी त्याचं मशीन बंद पडणार होतं. पान उलटून टाकावं असं फार वाटलं.

"थांबलीस का? वाच," मास्तर म्हणाले.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. "वाच," त्याही म्हणाल्या.

मी वाचलं. उसवणं, परत शिवणं, घडी, सगळं. मग मास्तर म्हणाले, "दोन चुका हायत. चार न्हाई, पाच वर्षं झाली."

मी पेनानं आकडा बदलला. काकूंचा हात सुपात तसाच थांबला होता.

"आन् ते 'झोपलेले असताना' खोडून टाक. मला दुपारची झोप लागत न्हाई."