गप झालेलं इंजन

पाडव्याला नांदेडहून नवी गाडी घेऊन निघालेल्या भागवतच्या छातीत पहिली धडकी भरली ती वाजेगावपाशी. रस्त्याचं काम चालू होतं, पुढं गाड्यांची रांग लागलेली. भागवतनं गाडी थांबवली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला, अन् इंजन बंद. घरघर नाही, हिसका नाही. दिव्यावर फुंकर मारावी तसं विझलं.

"बाल्या, मेली गाडी! शोरूमच्या दारातून निघून घंटा झाला न्हाई अन् मेली!"

शेजारी बसलेल्या पोराच्या, बालाजीच्या तोंडून शब्द निघायच्या आत मागचं दार उघडलं. भागवतची बायको साखराबाई खाली उतरली, पदर खोचला, अन् हार घातलेल्या कोऱ्या गाडीच्या डिकीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"हं, मारू का धक्का?"

मागचा ट्रकवाला पोट धरून हसायला लागला. धरणीनं पोटात घ्यावं असं बालाजीला झालं.

पण साखराबाईचं काय चुकलं? तिची सारी जवानी गाडी ढकलण्यात गेलती. भागवत म्हणजे नायगाव-बिलोली रोडवरचा जुना काळीपिवळी जीपवाला. त्याच्या जीपचा स्टार्टर कायमचा गेलेला. सकाळी उतारावर ढकलून चालू केली की सांज होईपर्यंत इंजन बंद करायचं नाव नाही. भागवत भाकर खायला बसला तरी जीप आपली लिंबाखाली घुरघुरत उभी. चुकून बंद पडलीच तर पाशिंजरांनी उतरायचं अन् ढकलायचं. एकदा तर बाशिंग बांधलेला नवरदेव त्यातून सुटला नव्हता. हँडब्रेक होता, पण नुसता दिसायला. म्हणून भागवतचा एक कायदा होता. इंजन चालू असलं तर चाकाला धोंडा लावायचा, अन् इंजन गप झालं की गाडी गिअरमध्ये टाकायची. ह्या कायद्यावर त्यानं साऱ्या गल्लीबोळातून, जत्रेतून, लग्नाच्या मांडवातून जीप काढली, पण चाकाखाली कधी कुत्र्याचं शेपूट आलं नाही. ह्याची त्याला लई घमेंड होती.

जीप भंगारात गेली अन् भागवत पारावर बसायला लागला. रोडवरून कुणाची गाडी चालली तर नुसत्या आवाजावरून सांगायचा, "ह्याची क्लचप्लेट गेली बघा." पोरगा लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचा. त्याच्याकडं लायसन होतं, गाडी येत नव्हती. बापाचे हात रिकामे बघवेनात म्हणून त्यानं ही गाडी घेतली.

"आई, बस आत," बालाजी म्हणाला. "बाबा, गाडी बंद पडली न्हाई. तिनं स्वतःच इंजन बंद केलंय. उभ्या गाडीत तेल कामून जाळायचं? क्लच दाबा."

भागवतनं भीत भीत पाय टेकवला. इंजन चालू झालं. त्याचा हात स्टेअरिंगवरून उडाला.

"म्हंजे मला न इचारता बंद, अन् पाय लागला की चालू?"

"हाव. रांगेत थांबलं की तेल वाचतंय, धूर होत न्हाई, कसं निवांत वाटतंय."

"निवांत? माझ्या काळजाचं पाणी झालं अन् म्हणं निवांत!"

"अन् मघाशी ते गार वारं कामून गेलं?" मागून साखराबाई.

"इंजन बंद झालं की एसीचा नुसता पंखा ऱ्हातो, आई."

"म्हंजे तेल वाचवायचं अन् माणसं उकडायची. ब्येस हाय."

भागवतला वेगळाच घोर. "घडीघडीला चालू-बंद केलं तर स्टार्टर कसा टिकंल रे?"

"दणकट स्टार्टर असतोय. ब्याटरी बी येगळी असती. ती गेली तर मातर साध्या ब्याटरीवर भागत न्हाई, महागाची घालावी लागती." बालाजीनं खरं ते सांगितलं. "तुमाला नको असंल तर हे बटन दाबा. मंग बंद व्हायची न्हाई. पर चावी फिरवून नव्यानं चालू केली की बटन पुना दाबावं लागतंय."

"एवढी हुशार गाडी, अन् आत्ता सांगितलेलं ध्यानात ठेवत न्हाई?"

भागवतनं बटन दाबलं. मग मारतळ्यापर्यंत गाडी कुठं थांबली तरी घुरघुरत राहिली अन् त्याचा जीव भांड्यात पडला. कहाळ्याला चहासाठी उतरले. चहा पिऊन चावी फिरवून निघाले, तेव्हा बटनाची याद तिघांतल्या एकालाही राहिली नाही. पुढं रस्ता मोकळा. गाडी थेट गावात, मारुतीच्या देवळापुढं.

देवळापुढं थोडा चढ आहे. मल्लिनाथ गुरव ताट घेऊन उभाच होता, भोवती गावातली माणसं जमलेली. भागवतनं ब्रेक दाबून गाडी ऐटीत उभी केली, न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला. इंजन गप. ह्या खेपेला तो दचकला नाही. गाव आलं, गाडी बंद झाली, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. पट्टा तसाच छातीवर, चावी तशीच फिरवलेली. गुरवानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. साखराबाई खाली उतरून चाकाखाली लिंबू ठेवायला बसली. गुरव म्हणाला, "मी ठेवतो." ती म्हणाली, "तुमी वाकडं ठेवता."

चढावर उभी गाडी. इंजन गप. इतक्या सालांचा कायदा पायातच भिनलेला. भागवतनं क्लच दाबला अन् गिअर टाकला.

इंजन गुरगुरलं.

भागवत दचकला अन् त्याचे दोन्ही पाय उचलले गेले, क्लचवरचा अन् ब्रेकवरचा. गाडी मुसंडी मारल्यागत पुढं गेली. त्यानं ब्रेकवर पाय हाणला, तोवर एक आवाज झाला होता. बांगड्यांचा.

 गुरवाच्या हातातलं ताट तिरपं झालं, हळद त्याच्या धोतरावर सांडत राहिली, त्याला कळलं नाही. साखराबाई मागं बसकण मारून आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. चाकाची कड मनगटावरून गेली होती. तिनं बोंब मारली नाही. कुणाचा तरी दुसऱ्याचाच हात असल्यागत ती त्याच्याकडं बघत होती.

मग एकदम सगळा गाव बोलायला लागला.

"गाडीतच काईतरी हाय. बंद गाडी चालती कशी?"

"कंपनीवर केस ठोका."

"बाबा, क्लच कामून सोडला?" बालाजी रडकुंडीला आला. "मी सांगितलं होतं ना..."

भागवत गाडीतून उतरला. तोंडाचा आ तसाच राहिलेला. गाडीपासून मागं मागं सरत पारापर्यंत गेला अन् तिथं टेकला. आपला उजवा पाय कुठं अन् डावा कुठं, हे त्याला उमगेना.

"इथं पंचायत भरवताव का मला दवाखान्यात नेताव?" साखराबाई ओरडली. तोवर मनगट टम्म सुजलं होतं.

बालाजी अँब्युलन्सला फोन लावायला लागला. साखराबाई उठली, चांगल्या हातानं दार उघडलं अन् ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"चला ओ."

"मी बसत न्हाई त्यात," भागवत म्हणाला.

"मंग बाल्याला चालवू द्या. एक हात ऱ्हायलाय, तो बी जाऊ द्या."

भागवत उठला. पट्ट्याचा खटका त्याला बसेना, तो मागून बालाजीनं बसवला. गावाबाहेर निघेस्तोवर त्यानं गाडी पहिल्याच गिअरात नेली. इंजन ओरडत होतं, पण गिअर बदलायला क्लच दाबावा लागतो, अन् त्या पायाकडं बघायचीच त्याला छाती होईना.

नायगावात पाडव्याची गर्दी. हार-साखरगाठ्यांचे गाडे रोडवर आलेले. पुढची रिक्षा थांबली, भागवतला थांबावं लागलं. थांबला, न्यूट्रल, पाय वर. अन् इंजन पुन्हा गप.

बॉनेटपुढून एक बाई लेकराला काखोटीला मारून चालली होती. भागवतचा पाय हवेतच राहिला. रिक्षा पुढं निघून गेली. मागून हॉर्न सुरू झाले. एकानं शिवी हासडली.

"बाबा, बटन दाबू का?" बालाजी.

"कशालाच हात लावू नको!" भागवतचा आवाज चिरकला. घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता. "ती बाई गेली का? साखरे, ती बाई गेली का?"

"गेली."

"नीट बघ. लेकरू बी गेलं का?"

साखराबाईनं वाकून काचेतून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दुखणाऱ्या हाताची कळ मस्तकात गेली तशी ती खवळली. "कोन न्हाई पुढं. हात माजा मोडलाय, पाय तुमचा न्हाई. दाबा."

भागवतनं दाबला. इंजन चालू झालं. त्यानं पाय इतका हळू सोडला, जसं निजलेल्या लेकराच्या मानंखालून कुणी हात काढून घ्यावा.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई, दिपाली म्हणून. फोटो काढला, हाड चिरलेलं. प्लास्टर घालता घालता तिनं विचारलं, "कसं झालं, मावशी?"

"नवऱ्यानं गाडी घातली अंगावर."

डॉक्टरीणबाईचे हात जागीच थांबले. तिनं दारात उभ्या भागवतकडं असं बघितलं की तो भिंतीला चिकटला. "मावशी, भिऊ नका. त्यांना बाहेर काढते. पोलिसांना कळवायचं का?"

"अवं न्हाई बाई!" साखराबाईला त्या कळांतही हसू फुटलं. "मुद्दाम न्हाई घातली. गाडी बंद हाय म्हनून ह्यांनी गिअर टाकला, अन् ती चालू झाली. गाडी आपोआप बंद पडून तेल वाचवती म्हनं. ह्यांना वाटलं, गप हाय म्हंजे झोपलीया."

डॉक्टरीणबाई बालाजीकडं बघायला लागली. त्यानं मान हलवली. "तशीच हाय, म्याडम. थांबली की बंद होती."

"माझी गाडी पण तशीच आहे," ती सावकाश म्हणाली, अन् ओली पट्टी पुन्हा गुंडाळायला लागली.

बाहेर आले. उन्हात गाडी उभी होती, बॉनेटवरचं कुंकू वितळलेलं. बालाजीनं दार उघडलं. साखराबाई गळ्यात हात अडकवून गाडीला वळसा घालायला निघाली, पुढच्या बाजूनं.

"थांब!" भागवत एवढ्या जोरात ओरडला की दवाखान्याच्या पायरीवरची माणसं उठून उभी राहिली.

"आता काय झालं?" साखराबाई कावली. "चावी तुमच्या हातात हाय की."

"असू दे. मागून ये. आधी तू बस, बाल्या बसंल. तुम्ही दोघं आत दिसल्याबगर मी बसत न्हाई."

ती मागून वळसा घालून आली अन् बसली. बालाजी बसला. भागवतनं वाकून पुढच्या चाकांखाली बघितलं, मागच्या चाकांखाली बघितलं. मग पायरीवरच्या माणसांना हातानं आणखी मागं सरकायला सांगितलं. ती मुकाट सरकली.

तरी तो बराच वेळ दाराला हात लावून तसाच उभा होता.